फाटकावरचे कंडक्टर

आमचे दाजी निवृत्त झाले ते फक्त बसमधून. त्यांच्या अंगातली कंडक्टरकी काही गेली नाही. घरी जेवायला बसलेल्या पाहुण्यांनाही ते "पुढे सरका, पुढे सरका" म्हणतात आणि ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली बहीण, कपाळावर हात मारून घेते.

दाजींना आपल्या एका विद्येचा भारी गर्व. विनातिकीट माणूस ते म्हणे चेहऱ्यावरून ओळखत. "कंडक्टर जवळ आला की जो खिडकीबाहेर बघायला लागतो, तो चोर. माझा अंदाज कधी चुकला नाही!" चुकला असेल तरी सांगणार कोण? एखादा नुसतीच झाडं बघत असेल, ही शंका त्यांच्या टाळक्यात उभ्या जन्मात शिरली नाही.

ताई न्हाणीघरात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, "आता रोज उभं राहायचं, चालायचं. पडून राहिलात तर कायमच्या पडून राहाल." ताई हो म्हणाली आणि पाय जमिनीला टेकताच किंचाळली. माझा हात तर ती धरेचना. "तू पाडशील मला," म्हणाली. मला वाईट वाटलं, पण तिचं खरं होतं.

उभी करायची ती वॉर्डातली मावशी. जाड वेणी, उजव्या गालावर भाजल्याचा डाग, आपली भाषा मोडकीतोडकी. "चला ताई, जमीन पळून नाय जात," म्हणत ती ताईला कवेत घ्यायची आणि ताई भिंतीपर्यंत चालून यायची. मावशी कुठून आली, कशी आली, हे सफाईच्या ठेकेदाराने तिला विचारलं नव्हतं. त्याला स्वस्तात हात हवे होते.

दाजींनी मात्र तिला कधी पाहिलं नव्हतं. बायकोच्या उशाशी बसायला त्यांना फुरसत कुठली? ते खाली देशकार्यात होते. त्या दिवसांत गावभर एकच वाद पेटला होता, सरहद्दीपलीकडून चोरून आलेल्या लोकांचा. न्हाव्याच्या खुर्चीत, चहाच्या टपरीवर, जिकडेतिकडे तेच. ते आपल्या खाटा अडवतात, आपली औषधं संपवतात, शाळेतली बाकं बळकावतात. दवाखान्याची रांग फाटकाबाहेर जायची, हे मी नाकारत नाही. पण डॉक्टरांच्या चार खोल्यांपैकी तीन खोल्यांना कायम कुलूप असायचं, आणि ते कुलूप कुठल्या घुसखोराने लावलं हे विचारायला कुणाची जीभ रेटत नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आमची जुनी खोड.

यावर सभाही झाली. एका बाजूचे गृहस्थ माणुसकीवर इतकं गोड बोलले की मलाच मळमळलं. त्यांना साधी शिंक आली तरी ते गार हवेच्या खासगी इस्पितळात जातात, सरकारी रांगेचा त्यांना काय पत्ता? दुसऱ्या बाजूच्या पुढाऱ्याने दाजींच्या दंडाला पट्टी बांधली आणि त्यांना फाटकावरचे पहारेदार नेमलं. टाळ्या पडल्या. दाजींची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण सुटलं.

दुसऱ्या दिवसापासून दाजी फाटकावर. "कागद दाखवा! पुढे सरका!" खरा पहारेकरी बिडी ओढत मजा बघत होता.

एका सकाळी वॉर्डात मावशी आलीच नाही. ताई केस विंचरून, पाय खाली सोडून वाट बघत बसली होती. एवढ्यात दाजी आले, ऐटीत. "आज एक पकडली! रांगेत उभी होती, तापाचं निमित्त करून. मी जवळ गेलो तशी मान फिरवली. म्हटलं, कागद? नाहीत. दिली हाकलून!"

"कशी होती हो दिसायला?" ताईने विचारलं.

"लांब जाड वेणी. गालावर डाग."

ताईच्या हातातला कंगवा खाली पडला. "अहो, ती मला चालवते! तिच्याशिवाय मी उभी कशी राहू?"

"हात्तिच्या! मी आहे की," म्हणत दाजींनी तिच्या काखेत हात घातले आणि गर्दीतल्या उतारूला ओढावं तसं तिला वर ओढलं. ताई कळवळली आणि खाटेवर कोसळली. "हात नका लावू मला! तिला घेऊन या, नाहीतर मी या खाटेवरच मरेन."

दाजी खाली निघाले. त्यांचा मला इतका राग आला होता की फजिती बघायला मीही मागोमाग गेलो. ते रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेकाचं तोंड निरखत गेले. दंडावरची पट्टी दिसली की बाया पदर ओढत, बाप्ये भिंतीकडे बघत. एक म्हातारा तर स्वतःच्या चपलांकडेच बघत राहिला. तो दाजींच्या शेजारच्याच गल्लीत राहतो, जन्मापासून. दाजींच्या नियमाने सगळी रांग विनातिकीट होती. मावशी तिच्यात नव्हती. ठेकेदाराच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "ती आता कशाला येते?"

आम्ही वर आलो. ताई तशीच पाय खाली सोडून बसली होती.

"सापडली का हो?" तिने विचारलं.

दाजी खिडकीबाहेर बघायला लागले.