फाटकावरचं ब्लेड

मंगरूळपीरला माझ्या मुलीच्या शाळेच्या फाटकात रोज सकाळी एक सर उभे असतात. दप्तरावर कंपनीचा छाप दिसला की खिशातलं ब्लेड काढून तो कापायचा, हे त्यांचं काम. प्रत्येक गोष्ट ते दोनदा बोलतात. "शाळेत जाहिरात नाई पायजे. नाई पायजे म्हंजे नाई पायजे."

नियम मला पटला होता. भारी दप्तर मिरवणाऱ्यांपुढे बाकीची पोरं कशी अंग चोरतात, ते मी पाहिलंय. पण तांड्यावरच्या पोरी पोहरादेवीच्या यात्रेतून स्वस्तातलं दप्तर आणतात. त्याच्यावरही नकली छाप असतोच, कोरं दप्तर तिथं मिळतच नाही.

सोमवारी सरांनी अशाच एका पोरीच्या दप्तरावर ब्लेड चालवलं. हलकं कापड टरकन फाटलं आणि वह्या मातीत पडल्या. ती त्या वेचत बसली.

तेवढ्यात चार पोरं आली. चौघांच्या पाठीवर आमच्या पुढाऱ्याचा हसरा फोटो आणि खाली ठळक नाव. त्यानंच वाटलेली दप्तरं. सर बाजूला सरकले.

मी म्हणालो, "सर, हे नाई कापत?"

"ते काय कंपनी हाय? साहेब हायेत. साहेब हायेत ते."

मग पोरीकडे वाकून मायेनं म्हणाले, "ऑफिसात साहेबाचं एक दप्तर उरलं हाय. तुले देतो. तुलेच देतो."

दुसऱ्या दिवशी तिच्याही पाठीवर तो चेहरा हसत होता. सरांनी तिला कौतुकानं आत सोडलं. त्यांचं ब्लेड आपल्या हातात असावं, असं मला पहिल्यांदाच वाटलं.