निरक्षर बाई नंबर चार

अन्याय झाला तो सोलापूरच्या पूर्वभागात विड्या वळणाऱ्या एका मावशीवर. गेल्या डिसेंबरातल्या एका गुरुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. वेळ मला पक्की माहीत आहे, कारण "ॲक्शन" अशी आरोळी झाली तेव्हा मी समाजमंदिराच्या भिंतीवरच्या घड्याळाखालीच उभी होते. पुढच्या पाच सेकंदांत, दोन वर्षं खपून वाचायला शिकलेली बाई निरक्षर ठरली.

प्रौढ निरक्षरतेवर प्रेमाचा पिक्चर काढायचा म्हणून पुण्याहून एक दिग्दर्शक आले होते. त्यांना वर्गाच्या सीनसाठी निरक्षर बायका हव्या होत्या, आणि त्याही खऱ्या. आमचा साक्षरता वर्ग मी चालवते, म्हणून ते माझ्याकडे आले. गोष्ट त्यांनी मला सांगितली. मास्तर वर्गातल्या एका तरुणीच्या प्रेमात पडतो. तिला पत्रं लिहितो. तिला ती वाचता येत नाहीत, म्हणून ती पत्रं उशीखाली ठेवते. शेवटी वाचायला शिकते, वाचते आणि रडते.

"तो तोंडानं का सांगत नाही?" मी विचारलं.

"मग पिक्चर कशाचा?" ते म्हणाले.

मी एक अट घातली. शेवटच्या सीनमध्ये आमची एक बाई खरोखर वाचताना दिसली पाहिजे. ते लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच हो म्हणणाऱ्या माणसाकडून लिहून घ्यायचं असतं. मी घेतलं नाही. अख्ख्या सोलापूरला 'लिहायला शिका' सांगत हिंडणारी मी!

मावशींची निवड झाली. त्यांना पिक्चरचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी होतं. त्यांचे मालक टॉवेलच्या मागावर काम करतात. लग्न झाल्यापासून थिएटरात पडद्यावरची नावं तेच मावशींना वाचून दाखवत आलेत, तेही कोपर मारून मारून. "या बारीला मी वाचणार की, बाई," मावशी मला म्हणाल्या. "माझंच नाव. त्यानला म्हणणार, आता गप बसा, मी सांगते."

गुरुवारी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. दिग्दर्शकांनी त्यांच्या हातात पुस्तक दिलं आणि म्हणाले, "मावशी, उलटं धरा. म्हणजे प्रेक्षकांना लगेच कळेल."

मावशींनी पुस्तक उलटं धरलं. ॲक्शन झालं. आणि मावशी खणखणीत आवाजात वाचायला लागल्या, "शेतात पाणी आले. गाय पाणी प्याली. वासरू उड्या मारते."

"कट! मावशी, वाचायचं नाही!"

"मग पुस्तक कशाला दिलं ओ?"

दुसऱ्या वेळी त्या मनात वाचत होत्या, पण ओठ हलत होते. तिसऱ्या वेळी ओठ मिटले, तर वासराच्या ओळीला हसू आलं. दिग्दर्शकांनी कपाळाला हात लावला. "जाऊ द्या, सरळच धरा," म्हणाले.

मावशींनी पुस्तक सरळ केलं आणि चेहरा बदलला. बोट पहिल्या अक्षरावर अडकलं. कपाळाला आठ्या पडल्या. "श... शे..." आणि पुढे काहीच नाही.

"वा! ओके! हीच ती वेदना!" दिग्दर्शक ओरडले. अकरा वीस.

मी धावत गेले. "मावशी, काय झालं?"

"सरळ धरलं की अक्षरं डोक्यावर उभी ऱ्हातेत, बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या वर्गात पत्रकं पोतंभर, पण वाचायचं पुस्तक एकच. बायका मांडीवर सूप घेऊन गोल बसतात. हात पानात आणि तंबाखूत गुंतलेले, म्हणून पुस्तक मधोमध जमिनीवर, माझ्याकडे तोंड करून. मावशींची जागा बरोबर माझ्या समोरची, दाराकडे पाठ करून. दोन वर्षांत ती कधी बदलली नाही. बाई उलट्या बाजूनं वाचायला शिकली, सफाईनं शिकली, आणि मला पत्ताच नाही! मी फक्त "शाब्बास, पुढे" म्हणत राहिले.

मी दिग्दर्शकांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "इंटरेस्टिंग. पण उलटं पुस्तक वाचणारी बाई पडद्यावर खोटी वाटेल."

मग प्रेमपत्राचा सीन. हिरॉइन पत्र मांडीवर उघडते, वाचते, गालांवर पाणी. मावशी तिच्या समोर बसलेल्या, म्हणजे पत्र त्यांना उलटं. मला पुढचं दिसत होतं. मी थांबवलं नाही. कशाला थांबवू?

हिरॉइनचा पहिला हुंदका आला आणि मावशींचा आवाज लागला. "वांग्याचं भरीत. कडक भाकरी. शेंगाचटणी. दही जास्त. मॅडमना तिखट नको."

समाजमंदिर खो खो हसलं. हिरॉइनसुद्धा, रडता रडता. ती जेवणाची यादी होती. निरक्षरतेवरच्या पिक्चरमधलं सगळ्यात मोठं पत्र लिहायचे कष्ट कुणीही घेतले नव्हते!

"पत्र कुठंय?" मी विचारलं.

"पडद्यावर कोण वाचतंय?" दिग्दर्शक म्हणाले.

शेवटच्या सीनला वेळ उरला नाही. ऊन गेलं म्हणे. निघताना दिग्दर्शकांच्या टेबलावर पडद्यावर यायच्या नावांची यादी होती. मावशी समोरून वाकल्या. मी त्यांना ओढायच्या आत त्यांनी वाचलं, न अडखळता, "निरक्षर बाई नंबर चार." मग माझ्याकडे बघितलं. "हे मी त्यानला वाचून दाखवू व्हय?"

मी तिथंच दिग्दर्शकांना ते बदलायला सांगितलं. नंतर तीन अर्ज दिले. उत्तर एकच, तेही फोनवर: नावं येतात तेव्हा लोक चपला शोधत असतात.

मी वर्गात आता पुस्तक फिरवत ठेवते. मावशी सरळ वाचायलाही शिकताहेत, कुरकुरत. "एवढं शिकले ते वाया गेलं की," म्हणतात. पण पिक्चर लागणार आहे, मालकांनी पुढच्या रांगेचं ठरवलंय, आणि मावशी मला दर आठवड्याला विचारतात, "बदललं का ओ बाई?"

बदललेलं नाही. म्हणून तुम्हाला सांगते. हे पान आत्ता उलटं धरा आणि चार ओळी मोठ्यानं वाचा, न अडखळता. जमलं नाही ना? मग पिक्चर लागला की जा, संपला की उठू नका, चपला शोधू नका. नंबर चारची ओळ आली की अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल असं ओरडा: "चूक! या बाईला वाचता येतं!"