टाकीखालची पाचर
पंपावर पेट्रोलचा वास आला की कुवेतमधली ती संध्याकाळ आठवते. माझा रत्नागिरीकडचा गाववाला तिथे गलबतं बांधायचा. त्याने जुन्या मोटारसायकलच्या टाकीचं पुढचं टोक सागवानी पाचर ठोकून होडीच्या नाळेसारखं, म्हणजे तिच्या पुढच्या उंच टोकासारखं, वर उचललं. “बस मागे, भाई!” म्हणाला, आणि वाळवंटातल्या रस्त्याने आम्ही ओरडत सुसाट निघालो. मधेच इंजिन बंद! पेट्रोल सगळं मागे साचलेलं आणि टाकीची तोटी पुढे. दोघांनी मागचं चाक कमरेपर्यंत उचललं, तेव्हा कुठे पेट्रोल गुडगुडत पुढे आलं. “पाचर काढूया?” मी विचारलं. “खुळा की काय! बघ कशी दिसते!” मग थोड्या थोड्या अंतरावर गाडीला मागून उचलत, खिदळत परतलो. परवा पंपावर नातवाच्या मोटारसायकलचं मागचं चाक उचलायला हात नुसते शिवशिवत होते.