अलकनंदाबाईंची पुलिया

अलकनंदा खानविलकर दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकतीस वर्षं राहिल्या. यजमान विनायकराव केंद्राच्या एका मंत्रालयात नोकरीला. नळ गळला, काच फुटली की कोपऱ्यावरच्या इन्क्वायरीत, म्हणजे सरकारी दुरुस्ती-कचेरीत, तक्रार लिहायची आणि माणूस येण्याची वाट बघायची, ही त्यांची घरदुरुस्ती. निवृत्तीनंतर दिल्लीतल्याच द्वारका भागात चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. दुपारी पडल्या की वरून विमानं जायची, आणि त्या घरघरीत डोळा लागता लागता बाईंना जमीन दिसायची. कुठली, ते कळत नसे. पेरूची झाडं, ओली माती, आणि आपण अनवाणी चाललोय.

नजफगढच्या पुढे, हरियाणाच्या हद्दीत, रस्त्याला लागून अर्धा एकर जमीन मिळाली तेव्हा त्या विनायकरावांना एवढंच म्हणाल्या, "मी इथे येऊन गेलेय." तिथे पेरूची अकरा झाडं होती, आणि दोघांना पुरेल असं एक जुनं घर.

रस्ता आणि जमीन यांच्यामध्ये पावसाचं पाणी वाहून नेणारी एक चर होती. आधीच्या मालकाने तीत हातभर रुंदीचा सिमेंटचा पाइप टाकून वर माती लोटली होती. त्यावरून गाडी आत जायची. गावात याला पुलिया म्हणतात, आपण मोरी म्हणू. बाईंनी तिच्याकडे कधी लक्षही दिलं नाही.

भाद्रपदात शेजारची बाई आली. नाव भरपाई. आधी चार मुली झालेल्या, पाचवी झाल्यावर बापाने 'भर पाई', म्हणजे 'आता पुरे', म्हणून ठेवलेलं नाव, असं तिनेच नंतर सांगितलं. तिचं शेत चरीच्या वरच्या अंगाला. ती भांडली नाही. बाईंना हाताला धरून घेऊन गेली आणि आडवी झालेली बाजरी दाखवली. घोट्याएवढं पाणी, त्यात आभाळ पडलेलं. तुमच्या दारापुढच्या पाइपात पाणी मावत नाही, ते मागे फिरतं आणि माझ्याकडे येतं, एवढंच ती बोलली. बाईंना ते पाणी फार सुंदर दिसलं, आणि तसं दिसल्याची लाजही वाटली.

पुढच्याच महिन्यात रस्त्याचं रुंदीकरण आलं. बांधकाम खात्याच्या माणसांनी चर खोल केली आणि तो पाइप उपटून बाजूला टाकला. दारापुढे आता नुसता खड्डा. गाडी रस्त्यावर ठेवायची आणि फळीवरून, विनायकरावांचा हात धरून, तोल सांभाळत आत जायचं.

विनायकरावांनी झकास अर्ज लिहिला. खात्याने पुलिया काढली, खात्यानेच ती स्वखर्चाने पूर्ववत बांधून द्यावी. आठवड्याभराने सलोनी नावाची ज्युनियर इंजिनिअर स्वतः येऊन टेप लावून चर मोजू लागली. पोरगी शांत होती. फळीवर बसूनच तिने समजावलं.

"आंटी, चर खात्याची. पण चरीवरून तुमच्या घरात जायची वाट तुमची. जुनी पुलिया मंजुरीची असती, तर काम आम्ही काढलं म्हणून आम्हीच बांधून दिली असती. ती कागदावर कुठेच नाही. आता परवानगी आम्ही देऊ, माप आम्ही सांगू. बांधायची तुम्ही, आणि दर वर्षी साफही तुम्हीच करायची."

विनायकराव वरच्या साहेबाकडे जायचं म्हणत होते. बाई चरीच्या काठाने चालू लागल्या. कार्तिकातलं ऊन, धुरकट आणि पिवळं. प्रत्येक फाटकापुढे कुणीतरी आपापल्या ऐपतीची पुलिया घातली होती, कुठे दगडाची, कुठे नुसते विजेचे जुने खांब. काहींखालून पाणी सुखाने जात होतं, काहींपाशी अडून हिरवं झालं होतं. अर्ध्या किलोमीटरवर चर गावच्या तळ्यात उतरत होती. तिथे दोन ढोकरी बगळे पाण्यात एका पायावर उभे होते. बाई किती वेळ बसल्या कुणास ठाऊक. आपल्या दारापुढून जाणारं पाणी कुठून येतं नि कुठे जातं, ते त्या आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या.

परत आल्या तेव्हा विनायकराव गाडीत पेंगत होते. बाईंनी काच वाजवली.

"अहो, अपील नको. आजवर आपल्या उंबऱ्याची फरशीसुद्धा सरकारने बसवली. ही एवढी वाट आपण बांधू."

खात्याने दोन फूट व्यासाचा पाइप सांगितला होता. बाईंनी तीन फुटी घेतला. विनायकराव म्हणाले, नियमात नाही ते कशाला? बाई म्हणाल्या, बाजरीसाठी. भरपाईला कळलं तेव्हा ती निम्मा खर्च द्यायला निघाली. बाईंनी घेतला नाही. मग ती चरीकडे बघत म्हणाली, "बहनजी, पाणी माझ्याकडून येतं, त्याच्याबरोबर कचराही माझाच येतो. वरच्या बाजूचं तोंड दर जेठात, पावसाच्या आधी, मी साफ करीन. खालचं तुम्ही."

तसंच ठरलं. कागदावर लिहिलं नाही.

मार्गशीर्षात पाइप बसला. खाली काँक्रीटचा थर, दोन्ही तोंडांना विटांच्या भिंती, तळ्याकडे बेताचा उतार. सलोनीने उतार तपासला, सही केली. वरची माती बसावी म्हणून महिनाभर गाडी न्यायची नाही, असं बजावून गेली.

जानेवारीत थंडीचा पाऊस झाला. तिकडे त्याला महावट म्हणतात, गव्हाला तो अमृतासारखा. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं इतकं, की बाईंना रस्त्यावरून आपले पेरूही दिसेनात. त्या पुलियेच्या कडेला उकिडव्या बसल्या. पाणी आत शिरताना गप्प असायचं, मधे कुठेतरी घुमायचं, आणि पलीकडे निघताना बारीक आवाजात काहीतरी बोलायचं. बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. भरपाईच्या शेताच्या बांधावरून त्या आधीच फिरून आल्या होत्या, पाणी कुठेही थांबलेलं नव्हतं.

मग धुक्यातून घंटा वाजली. भरपाईची म्हैस, मागे भरपाई. म्हशीने नव्या पुलियेवर एक पाय टेकवला, हुंगलं, आणि कुणाला न विचारता रमतगमत आत, पेरूंच्या दिशेने निघून गेली. भरपाई ओशाळली, तिला वळवायला धावली.

"असू दे," बाई म्हणाल्या, आणि म्हशीच्या मागोमाग त्याही आत गेल्या.