मांजराला खिडकी हवी होती

आमच्या घरी मांजर यायचं ठरलं तेव्हा सूनबाईंनी आधी मोबाइलवर त्याचा अभ्यास केला. मी या घरात तिच्याही आधीपासून आहे, पण माझा अभ्यास करावा असं अजून कुणाला वाटलेलं नाही.

मांजर शेपटी वर करून आलं की खूश. कान मागे घेतले की रागावलं. ताटलीतलं तसंच टाकून गेलं की त्याला ताण आलाय. मी उपीट ताटात ठेवलं तर मला ताण येत नाही, मी नखरे करतो. मांजर पहाटे उठून घरभर फिरतं, तो त्याचा मूळ स्वभाव. मी पहाटे उठून चहाचं पातेलं शोधायला लागलो की आतून मुलगा ओरडतो, "आप्पा, झोपू द्या की जरा!"

माझा उभा जन्म एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागांवर गेला. जॉबर होतो, बिघडलेले माग चालू करून द्यायचो. त्या खडखडाटात डावा कान पार गेला. उजवा उरलाय, तो सोयीपुरता चालतो. त्यामुळे मी मोठ्यानं बोलतो आणि सुनेला वाटतं मी चिडलोय. निम्म्या वेळा चिडलेलोच असतो, तेव्हा तिचं अगदीच चुकत नाही.

कान गेले की माणूस डोळ्यांनी ऐकायला लागतो. बोळाकडच्या खिडकीखाली माझी खाट होती. समोरच्या घरातली नवराबायको भांडायला लागली की नुसत्या हातवाऱ्यांवरून मला अख्खं भांडण कळायचं. भाजीवालीकडून कोण काय न घेता परत गेलं ते दिसायचं. मांजरही माझ्या पायथ्याशी चादरीवर बसून हेच बघायचं. ते बघायला लागलं की सून म्हणायची, "किती चौकस आहे बाळ!" मी बघायला लागलो की म्हणायची, "आप्पांचं सगळं लक्ष लोकांच्या घरात."

मग सोफा आला. मुलगा म्हणाला, "आप्पा, बाहेरच्या खोलीत खाट बरी दिसत नाही. कोण येतं, जातं."

"मला हितं बरं वाटतंय की रे."

"आतला पंखा मोठा आहे," तो म्हणाला, आणि विषय संपला.

खाट मधल्या खोलीत गेली, ज्वारीच्या पिंपाशेजारी. तिथून समोर भिंत दिसते आणि भिंतीवर कॅलेंडर. मला फार वाईट वाटलं. मोठा पंखा लावून अडगळीत टाकल्यासारखं झालं. जेवण जाईना, अर्धी भाकरी ठेवून उठायला लागलो. सून म्हणाली, "या वयात कमीच खावं."

मांजरानं मात्र घर डोक्यावर घेतलं. त्यानं दूध सोडलं, दुकानातलं महागाचं खाणं सोडलं. खाटेपाठोपाठ आत येऊन माझ्या चादरीवर भिंतीकडे तोंड करून बसलं. अधूनमधून उठायचं ते फक्त बाहेर जाऊन नव्या सोफ्यावर मुतायला.

मग काय विचारता! मुलानं कामावर रजा टाकली आणि त्याला डॉक्टरकडे नेलं. माझा गुडघा त्याच्या रजेची वाट बघत उन्हाळ्यापासून ठणकतोय. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, घरात काय बदललंय ते बघा. दोघं मोबाइल घेऊन बसले. खाण्याची वाटी बदलून पाहिली, फिनेल बदलून पाहिलं.

शेवटी मुलगा माझ्या खाटेजवळ उकिडवा बसला आणि मांजराच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "काय होतंय तुला? काय पाहिजे? सांग की मला."

इतक्या मऊ आवाजात तो बोलत होता, पण उजव्या बाजूला बसल्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला. माझ्या तोंडात 'मला' आलं होतं. ते गिळलं आणि म्हणालो, "त्याला खिडकी पाहिजे. खाट तितं ने परत."

तासाभरात खाट खिडकीखाली आली आणि सोफा मागच्या भिंतीला सरकला. रात्री मांजर जेवलं. दोघांनी त्याचे फोटो काढले. मी दोन भाकरी खाल्ल्या, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आता सून आल्यागेल्याला सांगते, "मांजराचं आमच्या आप्पांना लई कळतं." कळतंच. मांजराला पहाटे स्वयंपाकघरात दिवा आणि चहाचा वास लागतो. कुणी ओरडलेलं त्याला खपत नाही. आणि रविवारी मुलगा खाटेवर येऊन घटकाभर बसला नाही तर ते रुसतं. हे सगळं मी त्यांना समजावून सांगितलंय.

मुलगा बिचारा दर रविवारी न चुकता येतो. खाटेवर बसतो, मांजराला मांडीवर घेतो आणि त्याच्याशी आठवडाभरातलं सगळं बोलतो. मी उजवा कान त्याच्याकडे करून बसतो.