दोन्ही हात कमरेवर

शिट्टी वाजवून पंच काका दोन्ही हात कमरेवर ठेवत. बास्केटबॉलमध्ये या खुणेचा अर्थ, वाट अडवणाऱ्याची चूक. काशीत दुर्गाघाटावरच्या आमच्या मराठी बायका मात्र त्यांना विठोबा म्हणत. घरात रखुमाई नव्हती. मुलगा लहान असतानाच ती गेली होती.

मी टेबलावर गुण लिहायचो. रेषेजवळ धक्का लागून कुणी बाहेर फेकला गेला की सगळं मैदान ओरडायचं, फाउल! हे शांत. "पडणाऱ्याला काय बघता? उभ्याचे पैर बघा." उभ्याने आधीच आत पाय रोवले असतील तर धडकणाऱ्याची चूक, उभा आडवा सरकला किंवा त्याचा पाय रेषेवर असला तर उभ्याची. गल्लीत सांडाने कुणाला भिंतीवर दाबलं तरी हाच न्याय. सांड बहुधा निर्दोष सुटे.

एकदा दुसरे पंच आलेच नाहीत, म्हणून मुलाच्याच सामन्याला हे उभे राहिले. शेवटच्या मिनिटाला मुलगा रेषेकडून घुसला, धडकला, बाहेर जाऊन पडला. पडल्यापडल्या त्याने वडिलांकडे पाहिलं. यांनी मुलाची चूक धरून चेंडू समोरच्या संघाला दिला. सामना गेला, मुलाची निवडही हुकली. तो नोकरीला पुण्याला गेला तो गेलाच. दिवाळीला फोन यायचा, दोन मिनिटांचा.

गेल्या थंडीत मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. ते एकदम म्हणाले, "त्या दिवशी मी पैर बघितलेच नाहीत रे. पडणाऱ्यालाच बघत राहिलो."

"मग चेंडू त्यांना का दिलात, काका?"

"माझा होता ना तो. लोक काय म्हणतील, घाबरलो." मग हळूच विचारलं, "तुला दिसला होता, उभ्याचा पैर?"

टेबलावरच्याने पंचाच्या निर्णयात बोलायचं नाही, ही त्यांचीच शिस्त. ती पाळून मी इतकी वर्षं गप्प होतो, याची मला फार लाज वाटली.

"पाय रेषेवर होता, काका."

ते उठले. भिंतीकडे तोंड करून त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"त्याला फोन करा ना."

"होळीला येईल, तेव्हा सांगतो. समोर बसवून."

होळीच्या आधीच ते गेले. मुलगा आला, दिवस केले, निघताना दाराला कुलूप घातलं. गल्लीत त्याच्यासमोर उभं राहून मी दोन्ही हात कमरेवर ठेवले.

तो बघत राहिला. "त्या सामन्याचं? कोण म्हणतं?"

"तुझे बाबा."

त्याने बॅग खाली ठेवली, कुलूप पुन्हा काढलं आणि एकटाच आत गेला.