तळहातावर तीन थापा

पक्षाघाताचा झटका येऊन चौदा महिने झाले, आणि तेव्हापासून मंदा बोलली नव्हती. डोळे उघडे असायचे, पण बघते कुणाकडे ते कळायचं नाही. रविवारी तिला वसईकडच्या एका शुश्रूषागृहात ठेवायचं मुलाने, परागने, ठरवलं होतं. राई गावातल्या घरात तिच्या नवऱ्याने, गुणवंतने, एवढंच मागून घेतलं: तोवर तिला कळतंय असं दिसलं, तर ती इथेच राहील.

उपाय त्याला मोबाइलवर सापडला. परग्रहावर कुणी शहाणं असेल तर त्याला आपली भाषा येणार नाही, पण आकडे येणारच, म्हणून शास्त्रज्ञ आकाशात मोजून ठोके पाठवतात, असं कुणीतरी समजावून सांगत होतं. गुणवंतला ते पटलं. मिठागरावर तो मुकादम होता, जन्मभर टोपल्या मोजत आलेला. तो मंदाच्या तळहातावर एक थाप मारायचा, मग दोन, मग तीन, आणि तिच्याकडून चारची वाट बघत बसायचा. आठवडाभर हेच.

"बाबा, आई काय मंगळावर गेलीये?" रविवारी पराग म्हणाला. "खाली गाडी आलीये."

"हाय ती आत. मना नको शिकवू."

"आधी तरी काय बोलायचात तिच्याशी? टोपल्यांचे आकडे?"

गुणवंतचा हात तिच्या तळहातावर थांबला.

मंदाने कधी मोजलंच नव्हतं. हंगामाच्या सुरुवातीला आगराचा ओला तळ तुडवून घट्ट करायचा, हे तिचं काम. बायका रांगेने, एका तालात पाय आपटायच्या. चिखल कुठे कच्चा आहे ते तिला टाचेने कळायचं. आणि गुणवंत आठवडाभर तिच्या हातावर स्वतःलाच हाका मारत होता. ते शास्त्रज्ञही तसेच. वर कुणी असलंच तर तोही मुकादमच असणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं.

त्याने तिला पलंगाच्या कडेला बसवलं, तिचे तळवे फरशीवर टेकवले आणि वरून दाबले. डावा, उजवा, डावा. टाचा लहान मुलासारख्या मऊ झाल्या होत्या. पण ताल कसा होता? बांधावर उभं राहून वीस हंगाम त्याने तो ऐकला होता. आठवेना.

उजवा पाय जरासा पुढे सरकला. फरशी गुळगुळीत होती.

"बघितलंस?"

"बघितलं," पराग म्हणाला, आणि त्याने तिच्या काखेत हात घातले. "तुम्ही पायांकडून धरा."

गुणवंतने धरलं.